‘निष्क्रिय’ या विशेषणाची व्युत्पत्ती, अर्थछटा आणि ‘कोसला’चा नायक

प्रस्तावना :
भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर याला अध्यापनात अनेकदा ‘निष्क्रिय नायक’ असे संबोधले जाते. प्रस्तुत लेखात या विशेषणाची घडण तपासून ते या नायकाला कितपत लागू पडते, याचा विचार केला आहे.

व्युत्पत्ती व अर्थ :
‘निस्’ हा उपसर्ग आणि ‘कृ’ (करणे) या धातूपासून झालेले ‘क्रिया’ हे नाम यांपासून ‘निष्क्रिय’ हा शब्द सिद्ध होतो. बहुव्रीहीने त्याचा अर्थ ‘ज्यातून क्रिया निघून गेली आहे असा’. श्वेताश्वतर उपनिषदात (६.१९) हे परमतत्त्वाचे विशेषण असून तेथे ते पूर्णत्वाचे द्योतक आहे. रसायनशास्त्रात हेलियम, निऑन, झेनॉन आदींना ‘निष्क्रिय वायू’ म्हटले गेले; परंतु १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग तयार केल्यावर ते नाव अपुरे ठरले. व्यवहारात ‘निष्क्रिय शासन’, ‘निष्क्रिय सदस्य’ अशा प्रयोगांत हा शब्द दोषदर्शक आहे. समीक्षेत रूढ झाला तो हाच अर्थ होय.

‘कोसला’च्या संदर्भात :
पांडुरंग पुण्यात वसतिगृहातील उपक्रमांत हिरिरीने पडतो, खर्च करतो, फसतो. धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूने हादरतो आणि अखेर पदवीविना सांगवीला परततो. क्रियेच्या फलितावरील त्याचा विश्वास उडाला आहे, एवढेच म्हणता येईल. शिवाय ही सारी हकिगत तो स्वतःच सांगतो. स्वतःचे अपयश इतक्या निर्दयपणे तपासणाऱ्या निवेदकाला निष्क्रिय कसे म्हणावे?

जळगाव-धुळे परिसरातील शेतकऱ्याच्या तोंडी असलेला ‘पडीक’ हा शब्द येथे अधिक उपयोगी वाटतो. पडीक जमीन नापीक असतेच असे नाही. नांगर थांबला तरी तिचा कस शिल्लक असू शकतो. ‘निष्क्रिय’ म्हटले की दोष व्यक्तीवर जातो. ‘पडीक’ म्हटले की जमीन कोणी व का पडू दिली, असा प्रश्न उभा राहतो. पांडुरंगाच्या बाबतीत तो प्रश्न त्याला मिळालेल्या शिक्षणाला विचारावा लागेल.

निष्कर्ष :
सारांश, ‘निष्क्रिय’ हे विशेषण पांडुरंगाचे बाह्य वर्तन नोंदविते, त्याचे कारण सांगत नाही. शहरात शिकून रिकाम्या हाताने गावी परतलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनाही हाच शब्द सहज लावला जातो. म्हणून तो पारखून वापरणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.