डीव्हीडीतला डोनाल्ड रिची

"आता सगळं स्ट्रीमिंगवर मिळतं, मग ही डीव्हीडींची रद्दी कशाला जपून ठेवली आहेस?" असं मंडळातले मित्र मला हमखास विचारतात. मंडळी, सिनेमा मिळतो हो, पण सिनेमाबरोबर येणारा माणूस मिळतोच असं नाही.

अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीने १९८४ साली लेझरडिस्कवर 'सिटिझन केन' आणि 'किंग काँग' काढले. 'किंग काँग'मध्ये दुसऱ्या ध्वनिपट्टीवर रोनाल्ड हेवर नावाचे अभ्यासक चित्रपट चालू असताना त्याविषयी बोलत होते. पुढे त्यातून एक परंपराच तयार झाली. सोबत एक छोटी पुस्तिका, त्यात समीक्षकाचा लेख, आणि हवी असेल तर कानाशी बोलणारी कॉमेंट्री. या प्रकारात माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे डोनाल्ड रिची.

ओहायोतल्या लायमा गावचा हा मुलगा १९४७ साली अमेरिकन फौजांच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून टोकियोत पोचला. तेव्हा अमेरिकनांना जपानी थिएटरात जायला बंदी होती. रिची चोरून जायचा! भाषा येत नव्हती, सबटायटल्स नव्हती, नुसतं बघायचं. पुढे त्याने जोसेफ अँडरसनबरोबर जपानी सिनेमाचा इतिहास लिहिला (१९५९), मग कुरोसावावर (१९६५) आणि ओझूवर (१९७४) पुस्तकं लिहिली. २०१३ साली तो टोकियोतच वारला. परदेशात आयुष्य काढलेला माणूस म्हणून तो मला जवळचा वाटत असेल, नाकारत नाही.

त्याची कॉमेंट्री ऐकायची तर ओझूच्या 'अर्ली समर'वरची (चित्रपट १९५१, डीव्हीडी २००४) ऐकावी. कामाकुरातलं एकत्र कुटुंब, अठ्ठावीस वर्षांची नोरिको, आणि तिच्या लग्नाची सगळ्यांना लागलेली घाई. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको! साहेबांनी सुचवलेलं बडं स्थळ बाजूला राहतं. शेजारच्या विधुर डॉक्टरची आई सहज बोलून जाते, तू माझी सून झाली असतीस तर किती बरं झालं असतं. नोरिको तिथल्या तिथे हो म्हणते. म्हातारीला आनंदाने काय करावं सुचत नाही, आणि ती विचारते, अनपान खाणार का? म्हणजे लाल घेवड्यांचं गोड सारण भरलेला पाव. आपल्या पुरणाचा जपानी चुलतभाऊ म्हणा. लग्न ठरतं, आणि घर मोडतं. नोरिको नवऱ्यामागे लांब अकीताला, आई-वडील गावी यामातोला. कोणी वाईट वागलेलं नसतं. भारतात आई-वडील ठेवून इथे आलेल्या माणसाला हा शेवट जड जातो.

ओझूचा विषय एकच, जपानी कुटुंब आणि त्याचं विखुरणं, असं रिचीने पुस्तकात मांडलं होतं. हा चित्रपट पाहताना ते पटतं. पण ओझूचं सगळंच 'जपानीपणा'तून उलगडायची त्याची सवय मला खटकते. कॅमेरा खाली ठेवलेला, कारण तो चटईवर बसलेल्या माणसाची नजर आहे, हे स्पष्टीकरण ऐकायला गोड आहे. पण ऑफिसात खुर्च्या आहेत, रस्त्यावर कोणी बसलेलं नाही, तिथेही कॅमेरा खालीच! डेव्हिड बॉर्डवेलने १९८८च्या आपल्या पुस्तकात नेमका हाच आक्षेप घेतला. गंमत म्हणजे याच डीव्हीडीच्या पुस्तिकेत लेख आहे बॉर्डवेलचा. एकाच डबीत दोन विद्वान, दोघांचं पटत नाही, आणि निर्णय प्रेक्षकावर सोडलेला. मला हे फार आवडलं. 'अजरामर', 'अविस्मरणीय' असली विशेषणं लावून मोकळं होण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता आपलं पाहू. 'संत तुकाराम' (१९३६). दामले-फत्तेलालांचा, प्रभातचा, १९३७ साली व्हेनिसमध्ये गौरवलेला. माझ्याकडची व्हीसीडी पुण्यातून आणलेली. आत कागदाचा कपटासुद्धा नाही, सबटायटल्स नाहीत. इथे वाढलेल्या माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, ही बाई देवावर एवढी का चिडते?" जिजाईची भूक आणि तुकोबांची भक्ती या दोघांनाही दिग्दर्शकांनी न्याय दिलाय, आणि खरा चित्रपट त्या ओढाताणीत आहे. हे मी सांगितलं, मला जमेल तसं. पण यातला एक अभंग तुकोबांचा नसून शांताराम आठवल्यांचा आहे, आणि तो इतका बेमालूम उतरला की भलेभले फसले, हे तिला सांगणारा आवाज त्या चकतीवर हवा होता. आणि तो मराठीत हवा. गुरुदत्तवर अरुण खोपकरांनी मराठीत पुस्तक लिहिलं, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा लिहिणारे नाहीत असं म्हणायला जागा नाही. त्यांना कोणी त्या डबीत बोलावलं नाही, एवढंच. मुलगी सध्या इंग्रजीतून रिची ऐकते, आणि कामाकुराबद्दल तिला देहूपेक्षा जास्त माहिती आहे.