‘रद्द करा’ मावतं का?

एपिसोडमध्ये आपण मोझिलाची झूल आणि मायक्रोसॉफ्टची झॅमल, स्क्रीनवर बटणं मांडायच्या या दोन मार्कअप भाषा, वेगावर तोलल्या. माझी कसोटी वेगळी आहे: ‘कॅन्सल’चं ‘रद्द करा’ झालं तर बटण जागा करून देतं का?

इथे स्लायगोत पाटी आयरिश आणि इंग्रजी, दोन्ही धरूनच बनते. झूलचं बटणही शब्दाप्रमाणे रुंदावायचं. शब्द वेगळ्या फाइलीत असल्यानं कोड न येणाराही मराठी करू शकायचा. पण एक शब्द राहिला, की खिडकीऐवजी पिवळी एरर! स्वयंसेवकांवर चालणाऱ्या भाषेला ही शिक्षा जास्तच झाली.

२०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ नं झूलची ॲड-ऑन्स बंद केली, जिंकलं एचटीएमएल. तरी सीएसएसच्या फ्लेक्सबॉक्सचं मूळ झूलमध्येच आहे. नवी भाषा निवडताना आधी मराठी बटण टाकून बघा.