‘नायक’मधला एकटेपणा

सत्यजित राय यांच्या ‘नायक’मध्ये (1966) तुमचे लक्ष आधी स्वप्नाकडे जाईल. प्रसिद्ध नट अरिंदम (उत्तमकुमार) नोटांच्या ढिगाऱ्यात रुतत जातो. माझ्या मते हा चित्रपटातला दुबळा भाग. पैसा माणसाला गिळतो, हे इतके उघड सांगायला राय कशाला हवेत?

बीरेशचा प्रसंग पुन्हा पाहा. हा जुना मित्र, आता कामगार नेता, अरिंदमला संपकऱ्यांपुढे नेतो. दोन शब्द बोल, एवढीच मागणी. अरिंदम घाबरतो आणि न बोलताच निघून जातो. म्हणजे प्रसिद्धीने मित्र हिरावला नाही, प्रसिद्धी जपण्यासाठी यानेच त्याला सोडले. हा फरक निसटला तर अरिंदम नुसता बिचारा वाटू लागतो.

कलकत्ता-दिल्ली रेल्वेप्रवासात तो मन मोकळे करतो ते अनोळखी अदितीपाशी (शर्मिला टागोर). ती पत्रकार, तरी मुलाखतीची टिपणे फाडून टाकते. (हे पटते का, यावर वर्गात हमखास वाद होतो. मला पटते.) दिल्लीच्या फलाटावर चाहत्यांचा गराडा पडतो, डोळ्यांवर काळा चष्मा चढतो, आणि अदिती गर्दीतून निघून जाते.