भयखेळातील साहस-आराखडा : ज्ञान आणि त्याची किंमत

प्रस्तावना

भयकथेचा वाचक नायकासोबत तळघरात उतरतो. परंतु उतरण्याचा निर्णय त्याचा नसतो. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळात तो खेळाडूचा असतो. प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो, सूत्रधार प्रसंग उभा करतो आणि अनिश्चित कृतींचा निकाल फासे देतात. सूत्रधाराच्या हाती असलेला पूर्वलिखित मजकूर म्हणजे साहस-आराखडा. अशा मजकुरातील भय नेमके कशातून निर्माण होते, याचा विचार येथे ‘द हाँटिंग’ या आराखड्याच्या आधारे करावयाचा आहे.

विवेचन

सँडी पीटरसन यांचा ‘कॉल ऑफ कथुलू’ हा खेळ अमेरिकेतील केऑसियम या संस्थेने १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या कथासृष्टीवर तो आधारलेला आहे. प्रत्येक पात्राला मानसिक संतुलनाचे गुण असतात. भीषण दृश्याने ते घटतात, हे अपेक्षितच होय. परंतु निषिद्ध ग्रंथ वाचून गूढ विद्येचे ज्ञान जसजसे वाढते, तसतशी संतुलनाची कमाल मर्यादाच खाली येते, हा नियम अधिक मार्मिक आहे. जाणणे हेच येथे गमावणे ठरते.

‘द हाँटिंग’मध्ये १९२० सालच्या बॉस्टनमधील एका घराचा शोध घ्यावयाचा असतो. घरमालकाने काम सोपविल्यावर खेळाडू वृत्तपत्राचे जुने अंक, ग्रंथालय व सरकारी दप्तर धुंडाळू शकतात. वॉल्टर कॉर्बिट या जुन्या रहिवाशाचे चरित्र असे तुकड्यातुकड्यांनी जुळत जाते. त्यामुळे पुढे वरच्या मजल्यावरील पलंग आपोआप हलतो, तेव्हा ती केवळ चमत्कृती राहत नाही. कागदावर वाचलेल्या माणसाचे अस्तित्व तेथे जाणवते. आराखड्याचे खरे सामर्थ्य या पूर्वतयारीत आहे.

मात्र त्याच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. दप्तर न चाळता थेट घरात शिरणाऱ्या खेळाडूंच्या वाट्याला बहुतांशी झटापटच येते. शिवाय कॉर्बिटचा नाश केल्यास गमावलेल्या संतुलनापैकी काही गुण परत मिळतात. ज्ञानाची किंमत फिटत नाही, हे खेळाचे मूळ सूत्र. तलवारीच्या साहसकथेला शोभणारे हे बक्षीस त्या सूत्राला छेद देते. नवख्या खेळाडूंना दिलासा देण्याच्या दृष्टीने ते समर्थनीय असेल. पण भयाच्या दृष्टीने ती तडजोडच होय.

समारोप

भयखेळासाठी नवी कल्पना म्हणजे नवे पिशाच्च, असा समज सहज होतो. वरील विवेचनावरून तो अपुरा वाटतो. पिशाच्च एकदा दिसले की त्याचे नावीन्य संपते. कोणती माहिती, कोणत्या क्रमाने, कोणत्या मोबदल्यात द्यावयाची, ही योजना मात्र टिकते. आराखडा हा अपूर्ण मजकूर आहे. त्याची पूर्तता प्रत्येक मंडळी आपापल्या परीने करते. नाट्यसंहितेप्रमाणेच हे अपूर्णत्व त्याचे वैगुण्य नसून स्वरूपवैशिष्ट्य आहे. ‘पुढचे दार उघडायचे का?’ हा प्रश्न खेळाडूला खरोखर पडावा, एवढेच त्याने साधावयाचे असते. आणि ते सोपे नाही.