शनिवारवाड्याची स्थलकथा : एक परीक्षण

पहिल्या बाजीरावसाहेबांनीं शनिवारवाड्याची जागा कां निवडली, ह्याचें उत्तर पुण्याविषयीं लिहिणारे बहुधा एका दंतकथेनें देतात. मुठेच्या कांठीं सशानें कुत्र्याचा पाठलाग केलेला पेशव्यांनीं पाहिला, भूमि वीरप्रसू ठरली, आणि वाडा उठला! कथा गोड आहे. परंतु इतिहासांत तिला आसन देण्यापूर्वीं तिचें कूळ पाहिलें पाहिजे.

हीच कथा इ. स. १४११ त वसलेल्या अहमदाबादेविषयीं अहमदशहाच्या नांवावर सांगतात. विजयनगराविषयीं ती नुनीझ ह्या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्यानें सोळाव्या शतकांत लिहून ठेविली आहे. तुंगभद्रा, साबरमती व मुठा ह्या तिन्ही नद्यांच्या कांठीं ससा एकच! सबब ही एका स्थळाची साक्ष नव्हे. राजधानीस साजेसा जन्म मागाहून चिकटविण्याची ती रूढि होय, असें आमचें मत आहे. शिवाय १५६५ नंतर विजयनगर ओसाड झालें, आणि अहमदाबाद राजपद जाऊनही नांदत राहिलें. सशाच्या भूमीचा गुण दोहोंकडे सारखाच, तर फळें भिन्न कां?

पुण्यापुरतें पाहतां, राष्ट्रकूट पहिल्या कृष्णराजाच्या इ. स. ७६८ च्या ताम्रपटांत ‘पूनक’ विषयाचें नांव येतें. म्हणजे वाड्यापूर्वीं हें स्थळ कांहीं रान नव्हतें. वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला व वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली. तरी त्या दिवशीं पुणें राजधानी झालें नाहीं. गादी साताऱ्यास होती. १५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू छत्रपति वारल्यावरच राज्याचा कारभार खऱ्या अर्थानें पुण्यास आला. त्याच सुमारास नानासाहेबांनीं कात्रजचें पाणी नळानें शहरांत आणविलें, आणि पेठांची वस्ती वाढत गेली. १८१८ त राज्य गेलें, १८२८ त वाडा जळाला. पेठा मात्र राहिल्या. राजधानी वाड्यानें मिरविली, शहर पेठांनीं जगविलें.

कथा टाकून द्यावी, असें आम्ही म्हणत नाहीं. मागाहूनच्या लोकांस आपलें शहर कसें भासलें, ह्याचा ती पुरावा आहे. तें कसें वाढलें, ह्याचा नव्हे. तो पुरावा जकातीच्या यादींत, घरजागेच्या कज्ज्यांत, चुन्या-विटांच्या हिशेबांत असतो. जुन्या घरांतील रुमाल सोडतांना बखर तेवढी उचलावयाची आणि हिशेबाचे बंद रद्दींत घालावयाचे, ही चाल संग्राहकांनीं सोडावी. बखरीची दुसरी प्रत कोठें तरी सांपडते. हिशेबाचा बंद एकदां गेला कीं गेला.