शपथ आणि संतती : 'ड्रॅगनलान्स' कादंबरीत्रयीतील सत्प्रवृत्त ड्रॅगनांची श्रद्धा व नीती

प्रस्तावना :
पाश्चात्त्य साहित्यपरंपरेत ड्रॅगन प्रामुख्याने लोभाचे व संहाराचे प्रतीक म्हणून येतो. 'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी काव्यातील निधिरक्षक ड्रॅगन हे त्याचे ठळक उदाहरण होय. विसाव्या शतकातील अद्भुतरम्य कादंबरीने ही प्रतिमा बदलली. या दृष्टीने मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन या अमेरिकन लेखकद्वयाची 'ड्रॅगनलान्स क्रॉनिकल्स' ही कादंबरीत्रयी (१९८४-८५) महत्त्वाची आहे. तीमधील सत्प्रवृत्त ड्रॅगनांची श्रद्धा आणि त्यांनी घेतलेली शपथ यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

श्रद्धाविश्व :
क्रिन या काल्पनिक जगात सुवर्ण, रौप्य, कांस्य, ताम्र व पितळी असे पाच धातुवर्णी ड्रॅगन सत्पक्षाचे आहेत. त्यांचे दैवत पॅलाडाइन हेही प्लॅटिनम ड्रॅगनच्या रूपात कल्पिलेले आहे. मात्र मानवांमध्ये हा देव फिझबान नावाच्या विसरभोळ्या वृद्ध जादूगाराच्या वेषात वावरतो. समर्थाने दुर्बलाचे रूप घेऊन त्याच्यात मिसळावे, हा संस्कार त्याच्या उपासकांतही दिसतो. रौप्य ड्रॅगन दुर्बल जमातींची रूपे धारण करून त्यांच्यात राहतात. ह्यूमा या वीराची आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्या रौप्य ड्रॅगनची कथा याच संस्कारातून आली आहे.

शपथेचा पेच :
दुष्टदेवता ताखिसिसच्या अनुयायांनी धातुवर्णी ड्रॅगनांची अंडी पळवून नेली आणि ती ओलीस ठेवून, येणाऱ्या युद्धात तटस्थ राहण्याची शपथ त्यांच्याकडून घेतली. परिणामी खंडातील नगरे उद्ध्वस्त होत असताना त्यांचे स्वाभाविक रक्षक मौन पाळतात. येथे वचननिष्ठा व अपत्यप्रेम हे दोन सद्गुणच अन्यायाला साहाय्यभूत ठरतात. वचन पाळल्याने इतरांचे काय झाले, हा प्रश्न मराठी वाचकाला अपरिचित नाही. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) भीष्माच्या संदर्भात तो परखडपणे उपस्थित केला आहे.

सिल्वारा ही रौप्य ड्रॅगन मात्र एल्फ स्त्रीच्या रूपात मानवांच्या साहाय्यास येते. अंड्यांचे काय झाले याचा पुरावा हाती नसताना ती शपथ मोडते. पुढे गिल्थानससह ती सॅन्क्शन येथे पोहोचते. तेथे अंड्यांवर विकृत संस्कार करून त्यांपासून ड्रॅकोनियन सैनिक निर्माण केले जात असल्याचे उघड होते. त्यानंतरच उर्वरित ड्रॅगन युद्धात उतरतात. हा भेद मूलगामी आहे. सिल्वारा स्वतःच्या विवेकाने शपथ मोडते. समाज मात्र प्रतिपक्षाने करार मोडल्यामुळे मुक्त होतो. शत्रूने अंडी सुरक्षित ठेवली असती तर हे ड्रॅगन तटस्थच राहिले असते काय? कथानकाची सोयीस्कर कलाटणी हा प्रश्न टाळते.

अनुत्तरित दुःख :
याहून गंभीर उणीव दुसरी आहे. पितळी अंड्यांतून बाझ, ताम्र अंड्यांतून कापाक, कांस्य अंड्यांतून बोझाक, रौप्य अंड्यांतून सिवाक व सुवर्ण अंड्यांतून ऑराक जन्मतात. म्हणजे अखेरच्या युद्धात हे ड्रॅगन ज्या सैन्याशी लढतात, त्यात त्यांचीच संतती आहे. ज्या अपत्यांसाठी शपथ घेतली, त्यांनाच मारावे लागते, या शोकात्म वास्तवापाशी ही त्रयी पुरेशी थांबत नाही. जन्माने सत् आणि संस्काराने असत् ठरलेल्या या जीवांना तेथे केवळ शत्रूचे स्थान मिळते. वाइस यांनी डॉन पेरिन यांच्यासह लिहिलेल्या 'द डूम ब्रिगेड' (१९९६) या कादंबरीत ड्रॅकोनियनच नायकस्थानी आले, ही उशिरा झालेली पण अर्थपूर्ण दुरुस्ती म्हणावी लागेल.

निष्कर्ष :
सत्प्रवृत्ती वर्णाने किंवा दैवताने सिद्ध होत नाही, तर पेचप्रसंगातील निर्णयाने सिद्ध होते, हे या त्रयीतून सूचित होते. त्या कसोटीस समाज म्हणून ड्रॅगन उणे पडतात. एकटी सिल्वारा उतरते. लेखकद्वयाने तिच्या निर्णयाइतकाच तिच्या समाजाच्या अपराधाचाही शोध घेतला असता, तर ही कृती रंजक अद्भुतकथेच्या मर्यादा ओलांडून अधिक उंचीवर गेली असती.