घराण्याचा इतिहास कसा वाचावा? तंजावर, ओरत्तनाडु आणि कोलार

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला ‘भोसले वंशचरित्र’ हा मराठी लेख तुम्ही बहुधा ‘फार मोठा शिलालेख’ म्हणूनच ऐकला असेल. लांबी ही त्यातली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट. तो कोणासाठी लिहिला गेला ते पाहा. सरफोजी दुसरे हे तुळजाजींचे दत्तक पुत्र. हे दत्तकच वादात सापडले, अमरसिंह गादीवर बसले आणि सरफोजींना राज्य मिळायला १७९८ उजाडले. पुढच्याच वर्षी तह झाला व कारभार कंपनीकडे गेला. म्हणजे बाबूराव चिटणिसांनी पूर्वजांची कथा मांडली ती हातात सत्ता न उरलेल्या दत्तक राजासाठी. माझ्या मते हा लेख इतिहास आहेच, पण त्याआधी तो दगडावर कोरलेला हक्काचा कागद आहे.

आता पट्टुकोट्टैच्या वाटेने ओरत्तनाडुला या. इथले मुक्तांबाळ छत्रम् सरफोजींनी आपल्या प्रिय स्त्रीच्या नावाने उभारले. ती विवाहाची राणी नव्हती. वंशावळीत अशा स्त्रीसाठी रकाना नसतो. इथे मात्र रामेश्वराला निघालेला यात्रेकरू तिच्या नावाच्या घरात जेवत असे. छत्रांची व्यवस्था मोडू नये म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटला पत्र लिहिले. त्यात आजारी माणसे, अनाथ मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या सोयीचे वर्णन आहे. घराण्याच्या इतिहासाचे साधन म्हणून मला हे पत्र शिलालेखाहून जास्त बोलके वाटते. अर्थात तीही विनवणीच; तीही तपासूनच वाचावी.

पण घराणे राजाचे नसेल तर? शहाजीराजांच्या जहागिरीत कोलारही होते. त्याच कोलारात १८८० पासून जॉन टेलर यांच्या कंपनीने सोन्याच्या खाणी चालवल्या. पुढे सरकारकडे गेलेल्या या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद पडल्या. या गावाच्या आठवणींत ‘छोटे इंग्लंड’, क्लब आणि बंगले पुन्हापुन्हा येतात. तीन किलोमीटरहून खोल उतरणारे कामगार बहुतेक तमिळभाषक, त्यांतले पुष्कळ दलित. त्यांच्या चाळी या आठवणींच्या कडेला राहतात आणि छातीत साठलेली दगडाची धूळ तर सहसा येतच नाही.

तुमचे पणजोबा अशा खाणीत असतील, तर आजीला आधी क्लबबद्दल विचारू नका. पाळी संपवून ते घरी आले की खोकत किती वेळ बसत, हे विचारा.